उघड्या धारेवरून माथ्यावर: सातपुड्याच्या कोरड्या डोंगरात पहिल्यांदा चढणाऱ्यांसाठी

अकोट, अंजनगाव, परतवाडा या पट्ट्यातून उत्तरेकडे पाहिलं की गाविलगडचे डोंगर सपाटीतून एकदम उभे राहतात. खाली पूर्णेचं खोरं समुद्रसपाटीपासून तीनशे-साडेतीनशे मीटरवर आणि वर चिखलदरा, वैराटचा भाग अकराशे मीटरच्याही पुढे. या दोहोंमध्ये माथ्यापासून खाली उतरलेल्या सोंडा आहेत. पावसाळ्यात त्या हिरव्यागार असतात. पौष-माघ लागला की गवत पिवळं पडतं, नाले आटतात, सालई-मोईनची पानं झडतात आणि उघडी, काळी, दोन्ही बाजूंना उतरती धार तेवढी उरते. मृगापर्यंत तिथे ना पाणी, ना सावली.

अशा धारेवरून हातापायांच्या आधाराने माथ्यावर जायला निघालेल्या नवख्यांसाठी हे लिहितो आहे. दोर-खिळ्यांची प्रस्तरारोहणाची विद्या यात नाही. पायवाट संपते आणि हात टेकावे लागतात, पण दोर लावण्याइतका कडा नसतो, एवढ्यापुरतंच हे मार्गदर्शन.

गावाकडची पोरं चढायला दमदार असतात. शेतात राबलेले पाय, झाडावर चढायची सवय, उन्हाची ओळख, सगळं असतं. अडचण होते ती उतरताना. चढताना डोळे, हात आणि पकड एकाच बाजूला असतात. उतरताना पाय कुठे टेकतो तेच दिसत नाही. म्हणून या लेखातली प्रत्येक सूचना एकाच नियमाभोवती फिरते: जेवढं उतरता येईल, तेवढंच चढायचं.

डोंगर कोणाचा, ते आधी विचारा

मेळघाट हा 1973-74च्या सुमारास जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथे मनाला येईल त्या सोंडेवरून पायी चढता येत नाही. नरनाळ्यासारखा किल्ला पाहायला जायचं तरी तो अभयारण्यात आहे, ठरलेल्या फाटकातून आणि ठरलेल्या वेळेतच जावं लागतं. बुलढाण्याच्या बाजूला अजिंठ्याच्या रांगेतही ज्ञानगंगा अभयारण्य आहे आणि तिथल्या कपारींत अस्वलं आहेत. तेव्हा आपल्याला हवा असलेला डोंगर वनखात्याचा, गायरानाचा की कोणाच्या मालकीचा, हे वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. परवानगी मिळत नसेल तर दुसरा डोंगर निवडा. सुरुवात करायला आडरानातली शे-दीडशे मीटरची बरड टेकडीसुद्धा पुरते. फक्त दगडाच्या खदानीत सराव करू नका. सुरुंगाने हादरलेला दगड कधी सुटेल याचा नेम नसतो.

नकाशा पाहा, पण त्यावर विसंबू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशात समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) बहुतेक दर 20 मीटर उंचीला एक अशा असतात. म्हणजे पंधरा मीटरचा उभा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये सहज लपून जाईल. नवख्याला अडवतो तो नेमका हाच.

नकाशात नसलेली माहिती पायथ्याच्या गावात मिळते. गुरं-बकऱ्या चारणाऱ्या माणसाला वाट विचारताना ‘वर जाता येते का’ एवढ्यावर थांबू नका, उतरायची वाटही विचारा. एका गुराखी काकांनी आम्हाला सांगितलं होतं ते असं: ‘‘जाता येते ना भाऊ. पन त्या काळ्या दगडापासून तिकून नोका जाऊ, आग्या मोहोळ हाये. अन् उतराले डाव्या आंगाची गाईची वाट धरा, थे नाल्यात जाते.’’ तीन वाक्यांत चढ, धोका आणि परतीची वाट. जिथून गाय उतरते तिथून माणूस उतरतो. जिथून फक्त बकरी उतरते तिथे नवख्याने जाऊ नये.

सोंड कुठली निवडायची याचा विचार जुन्या सैन्यालाही करावा लागला होता. 1803च्या डिसेंबरात इंग्रज फौजेने गाविलगड घेतला, तेव्हा दक्षिणेची बाजू इतकी खडी होती की मुख्य हल्ल्याच्या तोफा डोंगरातून फिरवून उत्तरेकडे ओढून न्याव्या लागल्या. लांबची वाट सोपी असेल तर तीच घ्यावी, विशेषतः पहिल्या वेळी.

ऋतू आणि वेळ

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चढा. त्यानंतर वणव्यांचा हंगाम सुरू होतो, दगड तापतो, आणि मार्चमध्ये दुपारी कातळावर उघडा तळवा टेकवत नाही. एप्रिल-मे, नवतपा, हा काळ तर बोलायचाच नाही. ‘वर थंड असते’ असं अनेकांना वाटतं. हवेचं तापमान हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. तुमची टेकडी तीनशे मीटरची असेल तर फरक जेमतेम दोन अंशांचा; खाली चाळीस असेल तर वर अडतीस, शिवाय सावली नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो आणि सातपुड्याच्या या सोंडा दक्षिणेलाच उतरतात. म्हणजे थंडीच्या दिवसांतही त्यांच्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत थेट ऊन. दहाच्या सुमारास दोन्ही बाजूंचा दगड तापू लागतो. त्यातल्या त्यात पश्चिमेला उतार असलेली बाजू सकाळी सावलीत असते, तिथून चढ मिळाला तर घ्या.

उजाडायच्या आधी पायथ्याशी पोचा आणि दिसायला लागलं की निघा. विजेरीच्या उजेडात कातळावर हात घालू नका. गवतावर दव असेल तर पहिला अर्धा तास हळू चाला, कारण ओलं गवत आणि दवाने भिजलेलं दगडफूल दोन्ही निसरडी. किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायला स्कॉटलंडचे गिर्यारोहक नेस्मिथ यांचा 1892चा ठोकताळा अजून चालतो: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. पण हा पायवाटेचा हिशोब आहे. हात लावून चढायच्या धारेवर नवख्यांनी तो दुप्पट-अडीचपट धरावा.

परत फिरायची वेळ निघायच्या आधी ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. हिवाळ्यात अकरा ही चांगली वेळ. अकरा वाजता माथा पन्नास पावलांवर असला तरी वळायचं. हे बोलायला सोपं आणि पाळायला फार अवघड आहे, म्हणून गटातल्या एकाच माणसाकडे हा अधिकार द्या आणि त्याच्याशी वाद घालू नका.

पाणी

माणशी चार लिटर, अर्ध्या दिवसाच्या चढाईला. चार लिटर म्हणजे चार किलो, पाठीवर जड वाटतं, तरीही एक थेंब कमी नेऊ नका. धारेवर झरा नसतो. सोंडेच्या बगलेतले नाले जानेवारीत कोरडे होतात आणि एखाद्या डोहात उरलेलं पाणी जनावरांचं असतं. खारपाणपट्ट्यातून येणाऱ्यांनी गोडं पाणी घरूनच भरून घ्यावं.

एक बाटली मीठ-साखरेची ठेवा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. घामातून मीठ जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर डोकं जड होतं, पोटऱ्यांत गोळे येतात. खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर पाणी कमी नेऊ नका. दोन लिटर संपले की माथा कुठेही असो, परत फिरा. उतरायची वेळ जास्त उन्हाची असते, तिला जास्त पाणी लागतं.

खायला भाकर-ठेचा, गूळ-फुटाणे, फल्लीदाणे. संत्र्यासारखं दुसरं फळ डोंगरावर नाही. आंबिया बहाराचं संत्रं नेमकं याच दिवसांत उतरतं. साली मात्र परत आणा.

अंगावर आणि पाठीवर

चप्पल, सॅन्डल, गुळगुळीत तळाचे कॅनव्हास बूट नकोत. रबरी, खाचांचा, वाकवल्यावर थोडा वाकणारा तळ हवा आणि पंजा आत घसरता कामा नये. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पूर्ण पँट, डोक्या-कानांना गुंडाळायला जाड दुपट्टा. मोजे लांब असावेत आणि पँट मोज्यात खोचावी. या दिवसांत कुसळी गवत पिकलेलं असतं. त्याचं कुसळ मोज्याच्या विणीत शिरतं, चालताना दर पावलाला थोडं थोडं आत वळत जातं आणि तासाभरात टोक कातडीत. ते काढायला माणूस नेमका अवघड जागी एका पायावर उभा राहतो. कुसळ काढायचं तर बसून, रुंद जागी.

डोक्यावर गिर्यारोहणाचं हलकं हेल्मेट असावं. मोटरसायकलचं चालत नाही, त्यात ऐकू येत नाही आणि वर पाहता येत नाही. पाठपिशवी अंगाला घट्ट बांधा. हातात काहीही नको, मोबाइलही नको.

दोराबद्दल स्पष्टच सांगतो. घरचं चऱ्हाट, सोल, कासरा घेऊन जाऊ नका. तो दोर ताणत नाही, पडणाऱ्याचा सगळा झटका कमरेला बसतो. आणि एकमेकांना कमरेला बांधून, दगडात कुठेही न अडकवता चढणं म्हणजे एक पडला की दुसऱ्यालाही ओढून नेण्याची सोय. दोर वापरायचा असेल तर तो शिकून घ्या. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था यांचे साधारण महिनाभराचे मूलभूत अभ्यासक्रम त्यासाठी आहेत.

खालून धार वाचायला शिका

पायथ्याशी पंधरा मिनिटं बसा. घाई असेल तरी बसा. पश्चिम आणि मध्य विदर्भाचे हे डोंगर लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झाले आहेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. काही थर घट्ट, काही भुसभुशीत. भुसभुशीत थर झिजून तिथे गवताळ पट्टा होतो, घट्ट थराचा उभा टप्पा राहतो. म्हणून खालून पाहिलं की पिवळा पट्टा, काळा पट्टा, पुन्हा पिवळा, पुन्हा काळा असं दिसतं. काळे पट्टे मोजा. तेवढ्या वेळा हात लावावे लागणार. प्रत्येक काळ्या पट्ट्यात तुटलेली जागा कुठे आहे, झुडूप उगवलेली खाच कुठे आहे, हे खालूनच हेरून ठेवा. वर गेल्यावर नाकासमोरचा दगड तेवढा दिसतो. (पूर्व विदर्भात, रामटेककडे किंवा गडचिरोलीत, दगडाची जात वेगळी आहे. तिथे हा हिशोब लागू नाही.)

घट्ट काळा कातळ चांगला, पण त्यात उभ्या भेगा असतात. दोन भेगांमधला खांबासारखा तुकडा भक्कम दिसतो आणि मुळात सुटा असू शकतो. पांढरे ठिपके भरलेला, सच्छिद्र, करड्या-तांबूस रंगाचा दगड हा कच्चा थर. त्यातली पकड हातात निघून येते. सगळ्यात फसवी जागा म्हणजे कातळावर पसरलेला बारीक मुरूम. खळ्यावर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडावा तसा पाय जातो. अशा ठिकाणी आधी हाताने मुरूम बाजूला करा, मग पाऊल टाका. खाली कोणी नाही ना हे पाहूनच.

वाळलेल्या गवताच्या उतारावरही सावध असा. पात्या उताराच्या दिशेने लोळलेल्या असतात आणि त्यावरून बूट सरकतो. गवताचा झुबका धरून अंगाचा भार टाकू नका. मुळं बोटभर मुरमात असतात.

हात लावण्याआधीचा सराव

पायथ्याजवळ डोक्याइतक्या उंचीचा दगड शोधा. त्यावर चढा आणि तोंड दगडाकडे ठेवून त्याच जागेवरून उतरा. उडी मारू नका. दहा-बारा वेळा करा. चढण्यापेक्षा उतरायला दुप्पट वेळ लागतो हे इथेच कळेल. ज्याला इथे उतरता येत नाही, त्याला त्या दिवशी गवताच्या पट्ट्यापर्यंतच न्यायचं. हे सांगताना संकोच करू नका.

धारेवर

चार अवयवांपैकी तीन नेहमी पक्के, चौथाच हलवायचा. भार पायांवर, हात तोल सांभाळायला. नवखा माणूस भीतीने दगडाला बिलगतो. त्याने पाय बाहेरच्या बाजूला सरकतात. अंग दगडापासून थोडं दूर ठेवून पायांवर सरळ उभं राहा, तळव्याची पकड वाढते. पकड वापरण्याआधी तळहाताने ठोका. भरीव आवाज आला तर धरा, पोकळ आला तर सोडा. धरलेला दगड खालच्या दिशेने दाबा, स्वतःकडे ओढू नका. आणि जिथे नजर पोचत नाही तिथे बोटं घालू नका: फुरसं उन्हाच्या वेळी दगडाच्या कपारीतच असतं आणि ते इतकं लहान असतं की हात पडेपर्यंत दिसत नाही.

चार ते पाच जणांचा गट चांगला. उभ्या टप्प्यात एकाच्या खाली दुसरा नको. पहिला वर पोचून बाजूला झाला की दुसऱ्याने चढावं. दगड सुटला तर ‘दगड!’ एवढंच ओरडायचं आणि खालच्याने वर न बघता अंग दगडाला चिकटवायचं.

धार अरुंद झाली आणि दोन्हीकडे खोली दिसू लागली की दृष्टिभय वाटतं. ते वाटणारच, त्यात कमीपणा काही नाही. नजर पुढच्या दोन-तीन पावलांपुरती ठेवा. श्वास जड झाला तर बसा. अगदीच अरुंद जागी उभं राहून तोल सांभाळायचा आव आणू नका. धारेच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून बसा आणि हातांवर भार देत पुढे सरका. वाऱ्याचे झोत दुपारी वाढतात. एखाद्या जागी मन ठाम नकार देत असेल तर बगलेतून वाट आहे का पाहा. पण बगलेतून जाताना दर वेळी मागे वळून बघा: हीच जागा परत येताना ओळखू येईल का? ओढ्याच्या खोबणीत उतरण्याचा मोह तर टाळाच, ती खोबण पुढे बहुतेक कड्यावरच संपते.

आग्या मोहोळाबद्दल वेगळं सांगावं लागेल. कड्याच्या पुढे आलेल्या कपारीखाली काळं, अर्धवर्तुळाकार, हात-दीड हात रुंद पोळं लोंबताना दिसलं, तर तिथून लांब वळसा घ्या, नाही तर परत फिरा. अत्तर, डिओ लावून येऊ नका. बिडी-सिगारेट, चूल, फटाके, आरडाओरडा, दगड फेकणं, काहीही नको. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं दुपट्ट्याने झाका, हात झटकू नका, आणि आल्या वाटेने दगड धरत बाजूला व्हा. उघड्या धारेवर पळत सुटणं माश्यांपेक्षा घातक आहे. नांगी रुतली असेल तर नखाने लगेच खरवडून काढा.

माथा आणि उतरण

माथ्यावर वीस मिनिटं पुरेत. पाणी प्या, खा, बूट काढून कुसळं काढा. कडेला उभं राहून फोटो काढणं बंद ठेवा. मग सगळ्यांनी मिळून उतरायची वाट डोळ्यांनी तपासा. गाईची वाट सांगितलेली असेल तर तीच धरा, चढलेल्या धारेवरून उतरायचा हट्ट नको.

धारेवरूनच उतरावं लागलं तर सगळ्यात अनुभवी माणूस उभ्या टप्प्यात सगळ्यांच्या आधी खाली उतरतो आणि बाजूला थांबून पुढच्याला पाय कुठे टाकायचा ते सांगतो: ‘‘डावा पाय वीतभर खाली, हां, टेक.’’ सोप्या उतारावर तोंड खोऱ्याकडे, गुडघे किंचित वाकलेले. तीव्र झाला की बसून, तळहात मागे टेकून. उभा झाला की तोंड दगडाकडे. यातला दुसरा प्रकार फार लांबवू नका. बसून घसरत गेलेला माणूस खाली काय आहे ते न पाहताच टोकाशी पोचतो. गुडघे थरथरायला लागले की थांबा आणि पाणी प्या. घसाऱ्यावर टाच रोवत, पावलं लहान टाकत या.

काही झालंच तर

निघण्याआधी गावातल्या एका माणसाला सांगून ठेवा: किती जण, कोणती सोंड, किती वाजेपर्यंत परत, आणि त्या वेळेत फोन आला नाही तर काय करायचं. दऱ्याखोऱ्यात रेंज जाते, पण धारेवर किंवा माथ्यावर बरेचदा मिळते. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108.

ऊन लागलेल्या माणसाची बडबड असंबद्ध होऊ लागली, चालताना झोक जाऊ लागले, अंग तव्यासारखं तापलं, तर तो दमलेला नाही, त्याला उष्माघात होतो आहे. असेल तेवढ्या सावलीत आडवा करा, दुपट्टे धरून सावली करा, उरलेलं पाणी त्याच्या मानेवर, काखेत, जांघेत ओता आणि वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. लगेच मदत मागवा.

साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठी, कडं काढा, चावलेला हात-पाय फळीसारखं काही बांधून हलणार नाही असा ठेवा आणि माणसाला उचलून, चालू न देता, प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. कोणत्या दवाखान्यात ते असतं, हे चढाईच्या आदल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवा.

पाय मुरगळला किंवा मोडला आणि जागा अवघड असेल तर जखमीला स्वतः खाली ओढत आणू नका. एकाने त्याच्याजवळ थांबायचं, दोघांनी मिळून गावात जायचं. एकट्याने धावत उतरायला गेलं की दुसरा अपघात होतो. गुराखी, वनमजूर, पोलीस पाटील ही माणसं सर्वांत आधी पोचतात आणि जखमीला खाटेवर घालून कोणत्या वाटेने आणायचं, हे त्यांना नेमकं माहीत असतं. सगळे नीट खाली आलात तर गावातल्या त्या माणसाला फोन करा, म्हणजे तो शोधायला बाहेर पडणार नाही. मग घरी जाऊन कपडे उन्हात टाका आणि काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू, कमरपट्ट्याखाली गोचीड चिकटलेली नाही ना, ते तपासा.